निनावी खाते आणि शाबितीची जबाबदारी

निनावी वा गुप्त बँक खात्यांच्या कायद्याविषयी वाद निघाला की दोन ठरावीक वाक्ये ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, "मन स्वच्छ असेल तर नाव का लपवावे?" दुसरा म्हणतो, "आधी आमचा गुन्हा दाखवा." दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: शाबितीची जबाबदारी कोणावर? शासकीय संचिकांवर टिप्पण्या लिहिण्यात आयुष्य गेलेल्या आम्हांस हा प्रश्न कोरडा वाटत नाही. त्याचे उत्तर चुकले म्हणजे काय घडते, हे स्वित्झर्लंडच्या इतिहासात दिसते.

तेथील प्रसिद्ध क्रमांकाचे खाते वस्तुतः निनावी नसते. खातेदाराचे नाव बँकेतील मोजक्या अधिकाऱ्यांना ठाऊक असते. ही गुप्तता फोडणे 8 नोव्हेंबर 1934 च्या बँक कायद्याच्या 47 व्या कलमाने फौजदारी गुन्हा ठरले. ज्यूंच्या ठेवी नाझींपासून वाचविण्यासाठी हे कलम आले, असे पुढे वर्षानुवर्षे सांगितले गेले. कथा मनास भावणारी खरी. परंतु ती शाबीत करण्याचे काम सांगणाऱ्याचे होते, आणि कालक्रम तिला पुरेसा आधार देत नाही. ऑक्टोबर 1932 मध्ये, हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच, फ्रेंच पोलिसांनी बाझेलच्या एका बँकेच्या पॅरिसमधील जागेवर छापा घालून सुमारे दोन हजार फ्रेंच ग्राहकांची नावे मिळविली होती. करचुकवेगिरीचा मोठा गवगवा झाला. मंदीने डळमळलेल्या बँकांवर देखरेख आणताना धास्तावलेल्या ग्राहकांना अभय देणे, हे गुप्ततेचे अधिक निकटचे कारण होते.

ज्यांच्या नावे ही कथा सांगितली गेली, त्यांच्याच वारसांची युद्धानंतर काय गत झाली? बँकांनी त्यांच्याकडे मृत्यूचे दाखले मागितले. छळछावण्यांत मारल्या गेलेल्यांचे दाखले वारसांनी आणावेत कोठून? खात्याचा तपशील बँकेच्या वहीत, आणि पुरावा मात्र वारसाने द्यावयाचा! 1962 च्या संघीय आदेशान्वये बँकांनी स्वतःच शोध घेतला, तेव्हा सुमारे 95 लाख फ्रँकच निघाले. 1996 मध्ये नेमलेल्या व्होल्कर समितीने बाहेरच्या हिशेबतपासनिसांकडून वह्या तपासविल्या. डिसेंबर 1999 च्या तिच्या अहवालात छळपीडितांशी संबंध असण्याचा संभव असलेली 53,886 खाती आढळली. 1933 ते 1945 या काळातील सुमारे 68 लाख खात्यांपैकी 27 लाखांहून अधिक खात्यांचे कागदच उरले नव्हते.

दरम्यान ऑगस्ट 1998 मध्ये बँकांनी 125 कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. पुढे दाव्यांच्या निवाड्यात वारसाने आपला संबंध संभाव्य असल्याचे दाखविणे पुरेसे मानले गेले. कागद नष्ट झालेल्या ठिकाणी, खातेदारास पैसा मिळाला नसावा, असे विशिष्ट परिस्थितीत गृहीत धरले गेले. भार वही सांभाळणाऱ्याकडे सरकला.

हे तत्त्व आपणांस परके नाही. जी गोष्ट विशेषेकरून एखाद्याच्याच माहितीतील, ती शाबीत करण्याची जबाबदारी त्याच्यावर, असे 1872 च्या पुरावा अधिनियमाचे 106 वे कलम सांगत असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमात ते 109 वे कलम आहे. आणि उलट्या भाराची झळही आपल्या घराण्यांना ठाऊक आहे. 1852 च्या अकराव्या कायद्याखाली इनाम कमिशनने पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटदारांकडे हक्काचे पुरावे मागितले, तेव्हा कागदाअभावी कित्येकांची इनामे गेली.

मग "पैसा कोठून आणला हे खातेदारासच ठाऊक" असे म्हणून सरकारने प्रत्येक खातेदारावर भार टाकावा काय? आमच्या मते नाही. परदेशी खात्यांच्या प्रकरणात 4 जुलै 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच विवेक राखला. ज्यांच्याविरुद्ध प्रथमदर्शनी गैरकृत्य दिसत नाही, त्यांच्या खात्यांचा तपशील उघड करणे त्यांच्या खाजगीपणाचा भंग ठरेल, असे त्या निकालात म्हटले आहे.

तेव्हा आरोप करणाऱ्या सरकारने आधी सबळ कारण दाखवावे, आणि वही सांभाळणाऱ्याने हक्कदारापुढे ती उघडावी. या दोन्ही गोष्टी एकाच न्यायाच्या आहेत. सत्ता अथवा कागद ज्याच्या हाती, पहिला जबाब त्यानेच द्यावयाचा असतो.