कादंबरीतल्या ‘मी’वर किती विसंबावे?

बुलडाणा : कादंबरीत ‘मी’ म्हणून बोलणारी व्यक्ती म्हणजे लेखक नव्हे, हे ठाऊक असूनही वाचक तिच्या शब्दावर चटकन विश्वास टाकतो. समीक्षेच्या परिभाषेत ती व्यक्ती प्रथमपुरुषी निवेदक होय. तिचे सांगणे आणि कलाकृतीचा एकूण रोख यांत तफावत जाणवू लागली, की तिला ‘अविश्वसनीय निवेदक’ म्हणतात. अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी ही संज्ञा १९६१ साली मांडली. मात्र गोष्ट सांगणाऱ्याची उलटतपासणी मराठीत त्याआधी कितीतरी वर्षे झाली होती, आणि ती केली होती बुलडाण्याच्या एका स्त्रीने.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलडाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती पुढे अपिलात कमी झाली. त्यानिमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर जी आगपाखड सुरू झाली, तिला दिलेले हे उत्तर होते. पुस्तक निबंधात्मक आहे; तरी ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या त्या वेळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांचाही त्यात समाचार घेतलेला आढळतो. स्त्रीचे चित्र रंगवणारा हात पुरुषाचा असेल, तर ती साक्ष खरी कशी मानावी, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय. ताराबाईंवर टीका झाली, तेव्हा महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा उजेडात आणले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही.

ताराबाईंचा हाच प्रश्न आठ वर्षांनी अधिक गुंतागुंतीच्या रूपात समोर आला. १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागलेली ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही यमूने सांगितलेली स्वतःची कहाणी आहे. लिहिणारे मात्र हरि नारायण आपटे. तरीही यमूवर विश्वास बसतो. लहानग्या यमूला भोवतालच्या अनेक गोष्टींचा अर्थ लागत नाही, तो वाचकाला लागतो. शंकरमामंजींचा दांभिकपणा तिने उलगडून सांगण्याची गरजच पडत नाही. तिच्या साक्षीला बळ येते ते या अजाणतेपणामुळे. पण एक फरक नजरेआड करता येत नाही. ताराबाई पुरुषांना जाब विचारतात, तर यमू दाद मागते. यमूच्या तोंडी ताराबाईंची भाषा आली असती, तर त्या काळच्या वाचकाने तिला इतकी सहानुभूती दिली असती का, ही शंका रास्तच म्हणावी लागेल.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर अगदी वेगळ्या जातीचा निवेदक. तो अतिशयोक्ती करतो, टवाळी करतो, स्वतःलाही सोडत नाही. वडिलांबद्दलचा त्याचा राग जसाच्या तसा ग्राह्य धरता येत नाही. कारण पुण्यात शिकणाऱ्या या मुलाचा खर्च उचलणारे वडील आपल्याला भेटतात ते त्याच्याच तक्रारीतून. मात्र धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूपाशी ही टवाळी गळून पडते. तिथे तो काय खरे आणि काय खोटे सांगतो, हे तपासावे असे वाचकाला वाटतही नाही.