शरदातील परसबाग आणि इंदुरी खत

आश्विन उजाडला आणि पावसाने काढता पाय घेतला, की माळव्याची काळी जमीन हळूहळू वाफशावर येते. परसबागेत खरी धांदल याच दिवसांत असते. माजलेले तण उपटावे, भेंडी-गवारीची निबर झाडे काढावीत, वाफे बांधून त्यांत खत मिसळावे आणि मग मेथी, पालक, मुळा पेरावा. या कामांतून निघणाऱ्या काडीकचऱ्याचे काय करावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण त्याचे पद्धतशीर उत्तर आमच्या इंदुरातच सिद्ध झाले, याचे स्मरण आम्हां इंदूरकरांस क्वचितच होते.

१९२४ मध्ये होळकर दरबारने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. संस्थेचा मुख्य विषय कापूस. परंतु हॉवर्ड यांची दृष्टी शेतकऱ्याच्या अडचणीकडे वळली. शेण गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जाई, पऱ्हाट्याही जळत, आणि जमिनीला परत काहीच मिळत नसे. चीनमधील शेतकऱ्यांच्या जुन्या परिपाठावरून त्यांनी थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजविण्याची रीत बसविली.

रीत अशी. कठीण पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडाव्यात. काडीकचरा गुरांखाली अंथरावा. मग त्याचे शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व लाकडाची राख यांसह थर रचावेत, पाणी शिंपडावे आणि आधीच्या खड्ड्यातील थोडे अर्धकच्चे खत विरजणाप्रमाणे मिसळावे. सुमारे १६ दिवसांनी, एक महिन्याने व दोन महिन्यांनी ढीग उलथावा, म्हणजे आत हवा खेळते. तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून ढीग जमिनीवरच रचावा. आषाढात रचलेला ढीग आश्विनातील वाफ्यांना नेमका उपयोगी पडतो, तो याच हिशेबाने.

हा सर्व प्रयोग १९३१ च्या इंग्रजी ग्रंथात प्रसिद्ध झाला. त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचेही नाव आहे. जगाने पहिले नाव लक्षात ठेवले; दुसरे आमच्या मराठी वाचकांसही बहुधा अपरिचित आहे, याचा आम्हांस विषाद वाटतो. १९३५ मध्ये इंदुरास आलेल्या गांधीजींनी ही संस्था पाहिली व 'हरिजन'मधून या खताचा पुरस्कार झाला. पुढे इंग्लंड-अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या पुरस्कर्त्यांनी हॉवर्ड यांना गुरुस्थानी मानले आणि 'इंदूर पद्धती' हे नाव दूरदूर पोहोचले.

संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे, आणि २०१७ पासून स्वच्छ शहर म्हणून इंदुराचा लौकिक झाला आहे. तथापि शरदात परसातील पाला पेटविण्याची सवय अद्याप गेलेली नाही. यंदा वाफे करताना आमच्या वाचकांनी तो पाला एका कोपऱ्यात रचावा व वाड यांचे नाव मुलांना सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.