टेक कंपन्या बातमी कशी सांगतात? व्हॉट्सअ‍ॅपच्या नोटिशीचं उदाहरण

जानेवारी २०२१ मध्ये आपल्या मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅपची एक नोटीस आली होती, आठवतं का? नव्या अटी ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर अ‍ॅप वापरता येणार नाही, असा तिचा मतलब. आम्हीही न वाचताच 'मान्य' दाबलं होतं, खोटं कशाला सांगा. मग फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरू लागले की आता फेसबुकवाले आपले सगळे चॅट वाचणार.

ही खबर चुकीची होती. दोन माणसांमधले मेसेज पूर्वीसारखेच बंद कुलुपात होते. बदल मुख्यतः दुकानं-कंपन्यांशी होणाऱ्या चॅटबद्दल होता. पण फोन नंबरसारखी माहिती फेसबुकला देणं २०१६ पासूनच सुरू होतं, आणि बहुतेकांना ते तेव्हा कळलं.

लोक सिग्नलकडे वळले. ईलॉन मस्क यांनी 'सिग्नल वापरा' असं ट्वीट केलं, तर नावाच्या गोंधळात 'सिग्नल अ‍ॅडव्हान्स' या भलत्याच कंपनीचे शेअर चढले!

आता कंपनीने काय केलं ते बघा. १३ जानेवारीला भारतातल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. १५ जानेवारीला मुदत १५ मेपर्यंत वाढवली. जानेवारीतच स्वतःच्याच स्टेटसमधून खुलासा केला. मे महिन्यात, अटी मान्य न केल्यास अकाउंट बंद होणार नाही, असंही सांगून टाकलं. खुलाशांचा भर मात्र एकाच गोष्टीवर: तुमचे मेसेज खाजगी आहेत. ते खरंच होतं. पण सवाल मेसेजचा कमी आणि बाकीच्या माहितीचा जास्त होता. विचारलेलं बाजूला ठेवून सोयीचं उत्तर द्यायची ही पद्धत या धंद्यात जुनी आहे.

वेळ साधणं हीसुद्धा तशीच. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात वर्तमानपत्रांची बातमी येणार हे फेसबुकला माहीत होतं. १६ मार्च २०१८, शुक्रवारी रात्री, कंपनीने स्वतःच जाहीर केलं की केंब्रिज अ‍ॅनालिटिकाला आम्ही निलंबित केलंय. बातमी दुसऱ्या दिवशी आली. पुढे ४ एप्रिलला, ८.७ कोटी लोकांची माहिती गेली असावी, हा आकडा एका लांबलचक निवेदनाच्या शेवटाकडे सापडला. भारतात ते अ‍ॅप फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं, पण मित्रयादीमुळे ५,६२,४५५ लोकांची माहिती गेली असण्याची शक्यता कंपनीने मान्य केली.

चांगल्या बातमीला उलट थाट असतो. नवा फोन येणार असेल तर निवडक पत्रकारांना आधीच माहिती मिळते, अट एकच: ठरलेल्या वेळेआधी छापायचं नाही. याला एम्बार्गो म्हणतात. म्हणूनच एका मिनिटात वीस ठिकाणी तीच बातमी, जवळपास त्याच शब्दांत दिसते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या त्या अटींवर भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीला तो मान्य नव्हता, तिने अपील केलं. आयोगाचा आदेश त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतो. इंग्रजीत आहे आणि जाडजूड आहे, घरात कॉलेजात शिकणारं कुणी असेल तर त्याला बसवा.