‘द प्राउलर’ (१९५१) : काळ्या यादीच्या छायेतील एक उपेक्षित गुन्हेपट

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर अमेरिकेत गडद छायाप्रकाशाचे आणि नैतिक अधःपतनाचे चित्रण करणारे अनेक गुन्हेपट निर्माण झाले. फ्रेंच समीक्षकांनी १९४६ पासून त्यांना ‘फिल्म नॉयर’ असे संबोधले. या प्रवाहाच्या चर्चेत ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) सारख्या चित्रपटांचा उल्लेख वारंवार होतो. जोसेफ लोझी दिग्दर्शित ‘द प्राउलर’ मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिला. या चित्रपटाचा आशय आणि त्याच्या निर्मितीचा इतिहास यांतील नाते तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीने हॉलिवूडमधील कथित साम्यवादी प्रभावाची चौकशी सुरू केली. समितीला उत्तरे देण्यास नकार देणाऱ्या दहा जणांमध्ये पटकथाकार डाल्टन ट्रंबो होते. स्टुडिओंनी त्यांना काळ्या यादीत टाकले. काँग्रेसच्या अवमानाबद्दल १९५० मध्ये ट्रंबो यांना तुरुंगात जावे लागले. उपजीविकेसाठी ते इतरांच्या नावाआड लेखन करीत. ‘द प्राउलर’च्या पटकथेवर त्यांचे मित्र ह्यूगो बटलर यांचे नाव झळकले. निर्माते सॅम स्पीगल होते.

कथानक व आशय :
‘प्राउलर’ म्हणजे रात्री घराभोवती चोरपावलांनी घिरट्या घालणारा इसम. अशा इसमाची तक्रार सुझन (एव्हलिन कीज) करते आणि वेब गारवुड (व्हॅन हेफ्लिन) हा पोलीस तिच्या घरी येतो. तिचा पती रात्री रेडिओवर कार्यक्रम सादर करीत असतो. मूळ घुसखोर चित्रपटात पुन्हा येत नाही. त्याची जागा खुद्द पोलीसच घेतो. सुझनच्या पतीचे मृत्युपत्र हाती लागल्यावर वेब स्वतःच घुसखोराचा आभास निर्माण करतो आणि कर्तव्याच्या आडून त्या पतीला गोळी घालतो. मृत्यूच्या चौकशीत तो निर्दोष ठरतो. पुढे तो सुझनशी विवाह करतो आणि लास व्हेगासमध्ये मोटेल विकत घेतो. परंतु सुझनची गर्भावस्था त्यांचे पूर्वीचे संबंध उघड करील या भीतीने दोघे कॅलिको या ओसाड खाणगावात आश्रय घेतात.

वेबला हवी असते ती प्रतिष्ठा, मालमत्ता आणि स्थैर्य. ही स्वप्ने युद्धोत्तर मध्यमवर्गाला अपरिचित नव्हती. अखेरीस तो आपल्या कृत्याचे समर्थन करताना म्हणतो की प्रत्येक जण आपापल्या व्यवसायात लबाडी करतो. त्याच्या हाती बंदूक होती इतकेच. येथे गुन्हा हा एका विकृत व्यक्तीचा अपवाद राहत नाही. कायद्याच्या गणवेशातच त्याला आडोसा मिळतो.

नाव आणि आवाज :
सुझनच्या पतीचा रेडिओवरील आवाज स्वतः ट्रंबो यांचा आहे. श्रेयनामावलीत ज्यांना स्थान नव्हते, त्यांचा आवाज मात्र पडद्यामागून प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. राज्ययंत्रणेने ज्याचे नाव पुसले त्या लेखकाचा आवाज पोलिसाच्या हातून मारल्या जाणाऱ्या पात्राला लाभावा, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय ठरते.

उपेक्षेची कारणमीमांसा :
हा चित्रपट स्वतंत्र निर्मितीसंस्थेचा असल्याने त्यामागे मोठ्या स्टुडिओचे कायमस्वरूपी पाठबळ नव्हते. त्याचे निर्मातेही विखुरले. लोझी यांनी १९५१ मध्ये अमेरिका सोडली. पुढे ब्रिटनमध्ये ‘द सर्व्हंट’ (१९६३) व ‘द गो-बिटवीन’ (१९७१) यांनी त्यांना कीर्ती दिली. बटलर मेक्सिकोत गेले. ट्रंबो यांचे नाव ‘एक्झोडस’ आणि ‘स्पार्टाकस’ यांद्वारे १९६० मध्ये पडद्यावर परतले. ज्या कलाकृतीचे कर्तेच परागंदा वा अनामिक झाले, तिच्या वतीने बोलणारे फार थोडे उरले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील चित्रपट संग्रहालयाने फिल्म नॉयर फाउंडेशनच्या साहाय्याने तिचे पुनरुज्जीवन केल्यावर ती पुन्हा अभ्यासकांसमोर आली.

समारोप :
‘द प्राउलर’चे महत्त्व केवळ रहस्यरंजनापुरते मर्यादित नाही. संरक्षणाच्या नावाखाली घरात शिरणाऱ्या सत्तेचे चित्रण, तशाच सत्तेचा जाच सोसणाऱ्या व्यक्तींनी त्यात केले. म्हणूनच त्याचे विस्मरण हा अभिरुचीचा प्रश्न नसून शीतयुद्धकालीन सांस्कृतिक इतिहासाचा एक भाग होय.