दर्ग्याचा उघडा उंबरठा आणि चोखोबांचा जिल्हा

होळी जवळ आली की बुलडाणा जिल्ह्यातल्या एसटी गाड्या सैलानीकडे धावू लागतात. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर लाखोंची यात्रा भरते. नारळांची होळी पेटते, पुढे संदल निघतो. हिंदू, मुसलमान, बौद्ध, बंजारा, सगळे तिथे एकाच गर्दीत असतात. मग सूफी पंथाने मनाला शांती आणि समाजाला सलोखा दिला, असे सांगणारे लेख छापून येतात. ते खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. ते अर्धे आहेत.

खरा असलेला अर्धा भाग आधी सांगू. परंपरा सांगते की चोखोबांचा जन्म याच जिल्ह्यातला, देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणाराजाचा. आयुष्यभर विठ्ठलाचे नाव घेतलेल्या या महाराला देवळात पाऊल टाकता आले नाही. १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम करताना ते ढिगाऱ्याखाली गेले. त्यांची समाधीसुद्धा पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर. ते देऊळ अस्पृश्यांना खुले व्हायला १९४७ साल उजाडले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. चोखोबा गेले त्याच्या साधारण वर्षभर आधी खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब वारले. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य. त्यांच्या चिश्ती परंपरेत खानकाहवर आलेल्याला जेवू घालणे हा उपासनेचाच भाग होता. एकाच काळात, एकाच मराठी मुलखात, एका दारी माणूस पायरीबाहेर आणि दुसऱ्या दारी पंगतीत! आमच्या आज्या-पणज्या पोरांना घेऊन दर्ग्यावर का जात होत्या, याचे उत्तर शोधायला तत्त्वज्ञानाची पोथी लागत नाही. तिथे पुजारी हाकलत नव्हता, एवढे पुरे होते.

वरच्या जातींनाही दर्गा वर्ज्य नव्हता. सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे सासरे मालोजी भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, ही कथा सर्वपरिचित आहे. आज शिवरायांचे नाव घेऊन दर्ग्यांवर दगड मारणाऱ्यांनी शहाजीराजांच्या नावाचा उगम एकदा विचारून घ्यावा.

आता उरलेला अर्धा. खुलताबाद ही सूफींची भूमी, आणि तिथून अगदी जवळ दौलताबादचा किल्ला. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले असता वाटेत हा किल्ला पाहायला थांबले. रमजानचा महिना होता. प्रवासाची धूळ धुवायला मंडळींनी किल्ल्याच्या वेशीजवळच्या हौदाचे पाणी घेतले, आणि धेडांनी हौद बाटवला म्हणून तिथले मुसलमान धावून आले. हिंदूंना जो अस्पृश्य, तो मुसलमानांनाही अस्पृश्यच, हा निष्कर्ष बाबासाहेबांनी या अनुभवातून लिहून ठेवला आहे. सहा शतके शेजारी नांदलेल्या सूफी परंपरेला त्या हौदाचे पाणी मोकळे करता आले नव्हते. पुढे पाकिस्तानवरच्या ग्रंथात त्यांनी मुस्लिम समाजातली अश्रफ, अजलफ, अरजल ही उतरंडही मांडली. सूफींमध्येही सगळे फकीर नव्हते. विजापूरच्या सूफींचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड ईटन यांनी राजाकडून इनामे घेऊन जमीनदार झालेली घराणी दाखवली आहेत. गादी आणि इनाम आले की उतरंड मागोमाग येते, मग झेंडा हिरवा असो की भगवा.

म्हणून मनःशांतीचा प्रश्न आम्ही वेगळ्या रीतीने विचारतो. सैलानीला येणाऱ्यांत मनाचे आजार झालेली माणसे फार असतात. गावात त्यांना वेडा म्हणतात, करणी झाली म्हणतात. घरची माणसे थकलेली असतात. दर्ग्यावर निदान कोणी हसत नाही, तिथल्या आवारात ओरडणे-घुमणे चालते, आणि तेवढ्यानेही काहींना हलके वाटते. हा दिलासा आम्ही नाकारत नाही. पण साखळदंड हा दिलासा नव्हे. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळील आसऱ्यात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ रुग्ण गेले. पळता येत नव्हते म्हणून गेले. त्यानंतर, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे आणि साखळीने बांधणे त्याने गुन्हा ठरवले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीत ठेवण्यास मनाई केली.

कायदा कागदावर आला, पण रुग्णाने जायचे कुठे? बुलडाण्याच्या माणसासाठी नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय तीनशे किलोमीटरहून लांब, आणि सैलानीची एसटी दारातून सुटते. हातावर पोट असलेला बाप कुठली गाडी पकडेल? त्याला अंधश्रद्ध म्हणून मोकळे होणारे आमचेही काही मित्र आहेत. हा प्रश्न सरकारने बांधायच्या दवाखान्याचा आहे, बापाच्या अकलेचा नाही.

गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' हा उपक्रम चालला आहे. मुजावर रुग्णासाठी दुआ करतात आणि त्याला आवारातल्याच डॉक्टरकडे पाठवतात. गोळ्या तिथेच मिळतात. सैलानीलाही हे करता येईल. यात्रेपुरते नको, बारा महिने हवे. आणि डॉक्टरच्या खोलीत आधी कोण, नंतर कोण, हे जात न विचारता ठरावे.