बेलिफ

न्यायालयाने काढलेल्या आदेशिका पक्षकारांवर बजावणारा आणि दिवाणी हुकूमनाम्यांची अंमलबजावणी करणारा न्यायालयीन सेवक. महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत तो नाझराच्या देखरेखीखाली काम करतो. बुलढाणा जिल्ह्यातील बीबीसारख्या गावी न्यायालयाची इमारत नसते. तेथे समन्स किंवा जप्तीचा हुकूम घेऊन येणारा बेलिफ हेच न्यायसंस्थेचे दृश्य रूप असते.

‘बेलिफ’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. त्याचे मूळ ओझे वाहणारा या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये तो राजाचा वरिष्ठ प्रांताधिकारी होता. जर्सी व गर्न्सी या बेटांवर आजही मुख्य न्यायाधीशास हीच संज्ञा आहे. इंग्लंडमध्ये मात्र शेरीफच्या हाताखाली समन्स बजावणारा व मालमत्ता जप्त करणारा सेवक, असा मर्यादित अर्थ रूढ झाला. भारतात तोच आला. मुंबईत १७२६ च्या सनदेने मेयरचे न्यायालय स्थापन झाले व त्याच्या आदेशिकांची बजावणी शेरीफकडे सोपविण्यात आली.

तत्पूर्वीच्या मराठी राज्यात कर्जवसुली बव्हंशी धनकोच्याच हाती असे. तीस तगादा म्हणत. कर्जदाराच्या दारी पहारा बसविणे, त्यास जेवू न देणे, डोक्यावर दगड देऊन उन्हात उभे करणे, असे प्रकार त्यात मोडत, अशी नोंद एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात केली आहे. सरकारी वसुलीसाठी मोहसल बसविला जाई आणि त्याच्या पोटापाण्याचा भार ज्याच्यावर तो बसविला, त्यासच सोसावा लागे.

ब्रिटिश अमदानीत ही सक्ती न्यायालयाकडे गेली. तथापि केवळ त्यामुळे कर्जदार सुरक्षित झाला नाही. समन्स प्रत्यक्ष न बजावताच बजावल्याचा अहवाल दिला गेला, तर प्रतिवादीच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होई आणि शेतकऱ्यास दाव्याची वार्ता जप्तीच्या वेळीच कळे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यांमागील असंतोषात एकतर्फी हुकूमनाम्यांचाही वाटा होता. त्यानंतरच्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक करणे बंद केले. बुलढाणा जिल्हा ज्यात मोडतो, तो वऱ्हाड प्रांत मात्र मुंबई इलाख्याबाहेर होता. १८५३ च्या तहान्वये त्याचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला होता.

सांप्रत बेलिफाचे अधिकार १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने ठरविले आहेत. प्रतिवादीने समन्स नाकारल्यास ते त्याच्या घराच्या बाहेरील दारावर चिकटवून, तेथे कोण हजर होते यासह अहवाल द्यावा लागतो. त्या अहवालाबाबत न्यायालय बेलिफाची शपथेवर तपासणी करू शकते. स्थावर मालमत्तेच्या जप्तीची दवंडी पिटविली जाते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. ऋणको व त्याच्या कुटुंबाचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी व अंथरूण-पांघरूण, तसेच धार्मिक रूढीनुसार स्त्रीस अंगावरून उतरविता येत नाहीत असे दागिने जप्तीतून वगळले आहेत. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि उपजीविकेसाठी न्यायालयास आवश्यक वाटतील इतकी गुरे व बियाणे यांसही हेच संरक्षण आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीस अटक करता येत नाही.

२००२ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्त्यांनी समन्स बजावणीसाठी कुरिअर, फॅक्स व ई-मेल या साधनांचीही तरतूद केली. जप्ती व ताबा देण्याची कामे मात्र जागेवर जाऊनच करावी लागतात. हुकूमनामा मिळूनही त्याची अंमलबजावणी न झाल्यास धनकोचा विजय कागदावरच राहतो. उलट खोट्या बजावणीने ऋणकोस आपली बाजू मांडण्याची संधीच मिळत नाही. म्हणून या कनिष्ठ सेवकाच्या प्रामाणिक अहवालावर दोन्ही पक्षांचा न्याय अवलंबून असतो. तगादा करणाऱ्या धनकोवर त्याच्या बळाखेरीज फारसे बंधन नव्हते. बेलिफाच्या हाती हुकूम आहे, पण त्याचे हात कायद्याने बांधलेले आहेत. या संस्थेचे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.