'गीर' म्हणजे धरणारा

जहांगीर, जहागीर, बारगीर, मुलूखगिरी. या चारही शब्दांत एकच फारसी पाहुणा दडलाय बघा! 'गिरफ्तन' म्हणजे पकडणे, आणि 'गीर' म्हणजे पकडणारा. 'गिरफ्तार' हाही त्याच घरातला.

'जहां' म्हणजे जग, म्हणून जहांगीर जग काबीज करणारा. सलीमने 1605 साली गादीवर बसताना हे नाव घेतलं. नातू औरंगजेब 1658 मध्ये 'आलमगीर' झाला, अर्थ तोच. हा जग जिंकणारा पुढे दख्खनेत आला आणि पंचवीस वर्षं झुंजून 1707 साली अहमदनगरजवळच वारला. मराठी मुलूख काही पुरता हाती लागला नाही!

गंमत म्हणजे आपल्या 'जहागिरी'चा जगाशी संबंध नाही. मूळ शब्द 'जागीर'. 'जा' म्हणजे जागा, ती धरून असणं. आणि 'कारागीर'? तो मात्र या कुळातला नव्हेच. तो मुळात 'कारीगर', त्यातला 'गर' म्हणजे करणारा. आपल्या जिभेवर त्याचा 'गीर' झाला.

'बार' म्हणजे ओझं, म्हणून बारगीर ओझं वाहणारा. शिवकालीन फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा, तर बारगिराला घोडा सरकारातून मिळे. साधा चाकरीतला स्वार तो. पण 1742 पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या आणि तिथे या शब्दाचा 'बर्गी' झाला. अर्थ लुटारू! कलकत्त्याला इंग्रजांनी त्यांच्या भीतीने खंदक खणला. सेनापती भास्करपंत कोल्हटकरांनी कटव्याला दुर्गापूजा मांडली, तेव्हाच अलीवर्दीखानाने छापा घातला. 1744 मध्ये बोलणीला बोलावून त्यांना ठार केलं. 1751 च्या तहात ओरिसा आणि सालाना बारा लाखांची चौथ मराठ्यांना मिळाली. पण गावं जाळली गेली, माणसं मेली, त्याची आठवण बंगाली अंगाईत आजही आहे. आपण ज्याला मर्दुमकी म्हणतो, तिचं नाव घेऊन तिथली आई बाळाला निजवते.

परदेशात बंगाली शेजार आपल्याला हमखास लाभतो. कुणी हसत 'बर्गी' म्हणालं तर रागावू नका आणि विषयही टाळू नका. बारगीर कोण होता ते सांगा, आणि त्यांची आजी काय सांगायची तेही ऐका. आपल्या इतिहासाचं ते दुसरं पान आहे, आणि ते आपल्या पुस्तकांत फारसं सापडत नाही.

'मुलूखगिरी' म्हणजे एकेकाळी मुलूख मारणं. आता आपण नुसत्या भटकंतीलाही तोच शब्द वापरतो. शब्दानं तलवार खाली ठेवली, हे बरंच झालं!